घरात तीन दिवसांचे पाणी

(पावसाळ्यापूर्वी शिर्डी येथे भरलेल्या हितचिंतकांच्या सभेत, आदिवासी वाड्यांवर आरोग्याचे काम करणाऱ्या एका भगिनीने केलेले भाषण. – संपादक)



गालीलातील काना गावच्या लग्नाचा वृत्तांत आपण रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो आहोत. द्राक्षारस संपला, मरियेने ते येशूला सांगितले आणि पुढे काय झाले ते आपल्याला पाठ आहे. आज मी तुमचे लक्ष त्या घरातल्या सहा दगडी रांजणांकडे वेधणार आहे. योहानाने त्यांची संख्या दिली आहे, त्यांचे माप दिले आहे आणि ते कशासाठी ठेवले होते तेही सांगितले आहे. आजच्या हिशोबाने एकेका रांजणात साधारण ८० ते १२० लिटर पाणी मावत असे. म्हणजे त्या एका घरात साधारण पाचशे ते सातशे लिटर पाणी साठवण्याची सोय होती.

आता आपण ज्या वाड्यांवर काम करतो तिथले घर डोळ्यांसमोर आणा. एकच खोली, कुडाच्या भिंती, वर कौले नाहीतर पत्रा. कोपऱ्यात दोन हंडे, एक कळशी. सगळे मिळून चाळीस लिटरही भरत नाही. त्यातच पिणे, भाकरी, भांडी आणि दारातली शेळी. त्या घरातला पाण्याचा साठा म्हणजे सकाळची एक खेप. ती खेप चुकली की संध्याकाळी घर कोरडे पडते.

मला आज मागायचे आहे ते एवढेच, की या घरात तीन दिवसांचे पिण्याचे पाणी असावे. आणि तुमच्या-माझ्या घरातही असावे.

हे संकट आपल्यालाही ओळखीचे आहे

आपल्या शिर्डी-राहात्याच्या भागात वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपण पितो ते पाणी गोदावरीच्या कालव्याने, नाशिककडच्या धरणांतून येते. कालव्याला आवर्तन सुटले की तलाव भरायचा आणि पुढच्या आवर्तनापर्यंत तो पुरवायचा. आवर्तन लांबले, पाइप फुटला किंवा वीज गेली की नळ बंद. शेजारच्या कोपरगावकरांनी तर उन्हाळ्यात आठ-आठ दिवस नळाची वाट पाहिली आहे. त्यामुळे पिंपे भरून ठेवायला आपल्या भगिनींना कोणी शिकवावे लागत नाही.

आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, चित्र उलटे आहे असे वाटते. घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण तिथेच आहे. त्या पाण्यावर प्रवरेच्या कालव्यांनी लोणी, श्रीरामपूर, राहुरीचा ऊस पोसला. खाली निळवंडे धरण झाले आणि त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले.

आणि त्याच डोंगरातल्या महादेव कोळी आणि ठाकर भगिनी एप्रिल-मे महिन्यात झिऱ्याच्या काठावर बसून वाटीवाटीने हंडा भरतात. काळा खडक पाणी धरून ठेवत नाही, उतार तीव्र आहे. पावसाळ्यातले सगळे पाणी धावत खाली जाते. धरण खाली, वाडी वर. वर पाणी चढवायचे तर पंप लागतो, वीज लागते, आणि मधली एक कडी तुटली तरी पाणी येत नाही.

तिथे वर्षातून दोन काळ फार वाईट असतात. पहिला मे महिन्याचा शेवट, जेव्हा झरा आटतो. दुसरा जूनचा पहिला जोरदार पाऊस. हा दुसरा काळ आपल्या लक्षात येत नाही, कारण पाऊस आला म्हणजे संकट सरले असे आपल्याला वाटते. पण पहिल्या पावसात डोंगरावरची सगळी घाण, शेण, मैला वाहून झऱ्यात आणि विहिरीत येतो. त्याच आठवड्यात जुलाब-उलट्यांची लागण होते.

आता मुद्द्याचे सांगते. आपण सभांमधून म्हणतो, लोकांना स्वच्छ पाण्याचे महत्त्व समजावले पाहिजे. वाडीवरच्या आयांना ते समजलेले आहे. गढूळ पाणी लेकराला बाधते हे त्या आपल्याइतकेच जाणतात. पण तहानलेले मूल रडत असते आणि घरात दुसरे पाणी नसते. ज्या घरात चांगल्या पाण्याचा एक कॅन बाजूला ठेवलेला आहे, त्या घरातली आई वाईट पाण्याला नाही म्हणू शकते. तिला तेवढी सवड मिळवून देणे हे आपले काम आहे.

तीनच दिवस का?

कारण मदत यायला वेळ लागतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली. ती ठाकर समाजाची वाडी. तिथे वाहन जाईल असा रस्ता नव्हता. मदत करणारे भर पावसात डोंगर चढून गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापुरात पंचगंगेचा पूर आला तेव्हा पाणी उपसणारी केंद्रेच पाण्याखाली गेली. रस्त्यावर पुरुषभर पाणी आणि घरात प्यायला घोट नाही, असे ते दिवस होते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. शासन मदत करते, मंडळ्याही करतात. पण टँकर, रेल्वे, स्वयंसेवक, सगळ्यांना पोचायला दिवस लागतात. मधले दिवस घरातल्या भांड्यांवर काढायचे असतात.

हिशोब सोपा आहे. पिण्यासाठी, पेज-भात शिजवण्यासाठी आणि जेवण्यापूर्वी हात धुण्यासाठी माणशी रोज चार लिटर धरा. पाच माणसे, तीन दिवस, म्हणजे ६० लिटर. वीस लिटरचे तीन कॅन झाले. अंगावर पाजणारी आई, आजारी माणूस किंवा उन्हात राबणारा मजूर घरात असेल तर आणखी एक कॅन ठेवा. आंघोळ, धुणे आणि जनावरांचे पाणी या हिशोबात नाही.

तीन कॅन एकदम जमत नसतील तर एकापासून सुरुवात करा. पाच माणसांना एक कॅन एक दिवस पुरतो.

भांडे कसे असावे?

खाण्याच्या वस्तूंसाठी बनवलेले, घट्ट झाकणाचे, अरुंद तोंडाचे आणि शक्य तर तोटी असलेले. तोंड अरुंद असले की त्यात हात जात नाही, आणि घरातले पाणी बहुतेक वेळा हातानेच बिघडते. झऱ्यावरून चांगले पाणी आणले, पण पोराने पेला आणि बोटे दोन्ही बुडवली की सगळे कष्ट वाया. तोटी नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे वापरा आणि ते खिळ्याला टांगून ठेवा. जमिनीवर ठेवू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगते. आपला हा भाग ऊस, डाळिंब, द्राक्ष आणि भाजीपाल्याचा. फवारणीच्या औषधांचे रिकामे कॅन प्रत्येक वस्तीवर पडलेले असतात. शेतमजूर कुटुंबे ते धुऊन पाण्याला वापरतात, कारण ते फुकट मिळतात आणि मजबूत असतात. प्लास्टिकमध्ये मुरलेले विष कितीही धुतले तरी पूर्ण निघत नाही. रंगाचे आणि रॉकेलचे डबेही तसेच. तुमच्या शेतावर मजूर असतील तर औषधाचा रिकामा कॅन भोके पाडूनच बाजूला करा, म्हणजे तो कोणाच्या चुलीजवळ जाणार नाही.

माठ चांगला. तो पाझरतो, पाझरलेले पाणी वाळताना आतले पाणी गार होते. पण तो रोजच्या वापरासाठी. राखीव पाणी माठात ठेवू नये. ते पाझरून कमी होते आणि त्यात सारखे कोणी ना कोणी ओगराळे घालत असते.

जारच्या पाण्याबद्दल बहिणी नेहमी विचारतात. यंत्रातून गाळलेल्या पाण्यात क्लोरीन उरलेले नसते. त्यामुळे त्यात नंतर घाण गेली तर तिला अडवणारे काही नसते. असे पाणी उघड्या जारमध्ये आठवडाभर ठेवून त्याला राखीव म्हणू नका.

लहान घरात ठेवायचे कुठे?

वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो वजन. ते फळीवर किंवा माळ्यावर चढवू नका. खाटेखाली, कणगीच्या मागे किंवा दाराआडच्या कोपऱ्यात, विटांवर फळी टाकून तिच्यावर ठेवा. ऊन लागू देऊ नका. उन्हाने शेवाळ धरते. खताचे पोते, फवारणीचा पंप, रॉकेल यांच्यापासून लांब ठेवा. आणि ज्या घरात रांगते मूल आहे तिथे पाण्याने भरलेली बादली किंवा पिंप कधीही उघडे ठेवू नका. बादलीतल्या थोड्या पाण्यातही लहान मूल बुडून दगावते.

डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून राखीव कॅनचे झाकण घट्ट हवे आणि वापरायच्या पाण्याची पिंपे आठवड्यातून एकदा रिकामी करून, आतून घासून, कोरडी करायला हवीत. कोरडा दिवस म्हणतात तो हाच. नुसते पाणी बदलून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात.

भरण्यापूर्वी आणि भरल्यावर

पाणी गढूळ असेल तर आधी निवू द्या. तुरटी फिरवली तर गाळ लवकर बसतो, पण तुरटीने जंतू मरत नाहीत. मग वरचे पाणी जुन्या, धुतलेल्या सुती लुगड्याच्या चार ते आठ पदरांतून गाळा. बांगलादेशातील मतलब भागात खेड्यांतल्या बायकांनी असे साडीतून पाणी गाळायला सुरुवात केली तेव्हा तिथला कॉलरा जवळपास निम्म्याने घटल्याचे दिसले. कापड जुनेच हवे. धुऊन धुऊन त्याची वीण दाट झालेली असते. पण निम्मा धोका उरतोच, म्हणून गाळल्यावर पाणी निर्जंतुक करायचे. त्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला, उकळणे. पाणी खळखळून उकळू लागल्यावर एक मिनिट पुरे. वीस-वीस मिनिटे उकळा असे कोणी सांगितले की सरपणाच्या धास्तीने बाई उकळणेच सोडून देते. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर राहणाऱ्यांनी तीन मिनिटे उकळावे असे सांगतात. आपले कळसूबाईचे शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच, आणि तेही १६४६ मीटरच आहे. तेव्हा आपल्या कोणत्याही वाडीला एक मिनिट पुरते.

दुसरा, क्लोरीन. वीस लिटरला एक अशा गोळ्या मिळतात. पाकिटावरचे माप वाचून घ्या, कारण गोळ्या लहानमोठ्या असतात. वाचता येत नसेल तर आशाताईंना विचारा. गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबा. पाण्याला किंचित वास येतो. तो वास पाणी खराब झाल्याचा नाही, राखण चालू असल्याचा आहे. हे वाडीवर पुन्हा पुन्हा सांगावे लागते, कारण वासामुळे पाणी ओतून दिले जाते. साठवणुकीच्या पाण्याला हाच मार्ग सर्वांत चांगला, कारण उकळलेल्या पाण्यात नंतर जंतू शिरू शकतात, क्लोरीन मात्र काही दिवस पहारा देते.

तिसरा, ऊन. पाण्याच्या पारदर्शक बाटलीत नितळ पाणी भरून ती पत्र्यावर आडवी ठेवायची. कडक उन्हात सहा तास, ढगाळ असेल तर दोन दिवस. आपल्या शिर्डीत येणारे यात्रेकरू रोज अशा बाटल्या टाकून जातात. न चेमटलेल्या, स्वच्छ धुतलेल्या बाटल्या वाडीवर मे महिन्यात उपयोगी पडतात. संततधार लागली की मात्र हा मार्ग बंद.

पाणी दिसायला नितळ आहे एवढ्यावर विसंबू नका. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गुइलेन-बॅरे या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा पाण्यातून पसरणाऱ्या जंतूंकडेच बोट गेले. पुण्याच्या शेजारी असे होते, तर झऱ्यावरच्या पाण्याची गोष्टच सोडा. आणि हेही लक्षात ठेवा, की उकळल्याने जंतू मरतात, पण क्षार, खतांचे आणि औषधांचे अंश जात नाहीत. खारवट विहिरीचे पाणी उकळून गोडे होत नाही.

कॅन भरला की त्यावर खडूने तारीख घाला. तीन कॅन असतील तर दर शनिवारी सर्वांत जुना कॅन वापरायला काढा, धुवा आणि नव्याने भरा. म्हणजे कोणतेही पाणी तीन आठवड्यांहून जुने राहत नाही. जुने पाणी ओतून देऊ नका. ते स्वयंपाकाला वापरा.

पावसाळ्यात पत्र्यावरचे पाणी

ज्या दिवसांत झरा गढूळ असतो त्याच दिवसांत आकाशातून चांगले पाणी पडत असते. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. वीस चौरस मीटरच्या पत्र्यावर दहा मिलिमीटरची सर आली तर दोनशे लिटर. सांडलवंड धरली तरी सगळे कॅन भरून उरते. पहिल्या सरी वाहून जाऊ द्या, पत्रा धुऊन निघू द्या. मग पन्हळीखाली पिंप लावा, गाळा आणि क्लोरीनची गोळी टाका. अकोल्याच्या पावसात बाईला चिखलातून झऱ्यावर जावे लागू नये, एवढे तर हे करतेच.

आजारी लेकरासाठी

जुलाब लागलेल्या मुलाला पाणी तोडायचे नसते, वाढवायचे असते. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. घोटघोट पाजत दवाखाना गाठायचा. १९७१ साली बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत कालवून ठेवले आणि नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजले. हजारो जीव वाचले. पण हे औषध करायलाही आधी एक लिटर चांगले पाणी घरात लागते. रात्री दोन वाजता, बाहेर पाऊस कोसळत असताना, ते झऱ्यावरून आणता येत नाही. खाटेखालच्या कॅनमधूनच ते घ्यावे लागते.

आपण काय करावे?

काही जण म्हणतील, हे मलमपट्टीचे काम झाले. मूळ झरा जिवंत करा. त्यांचे बरोबर आहे. स्वित्झर्लंडहून आलेले जेसुइट धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी आपल्याच जिल्ह्यात ते काम उभे केले. १९९३ साली स्थापन झालेल्या वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टने संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांत लोकांना बरोबर घेऊन माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवले, जिरवले. ते काम झालेच पाहिजे. पण त्याला वर्षे लागतात. त्या वर्षांतही दर जूनमध्ये मुले आजारी पडणार आहेत. दोन्ही कामे एकाच वेळी चालली पाहिजेत.

म्हणून माझी विनंती तीन गोष्टींची आहे. पहिली, येत्या शनिवारी प्रत्येकाने आपल्या घरी एक कॅन भरावा, तारीख घालावी. जे आपण स्वतः करत नाही ते वाडीवर सांगू नये. दुसरी, वाडीवरच्या एका घरासाठी तोटीचा एक नवा कॅन, एक ओगराळे आणि पावसाळाभर पुरतील एवढ्या क्लोरीनच्या गोळ्या द्याव्यात. वापरलेला कॅन देऊ नका. त्यात आधी काय होते हे आपल्याला ठाऊक नसते. तिसरी गोष्ट पैशाने होत नाही. महिला संघाच्या भगिनींनी जूनच्या आधी एकदा वाडीवर यावे, चुलीजवळ बसावे आणि पाणी गाळून, गोळी टाकून, अर्ध्या तासाने ते पाणी आधी स्वतः प्यावे. वासाची भीती अशीच जाते. मी भाषण करून ती गेलेली नाही.

वाडीवर कॅन वाटताना एक पथ्य पाळू या. प्रार्थनेला येणाऱ्यांची घरे आणि न येणाऱ्यांची घरे असा भेद करायचा नाही. झरा सगळ्यांचा एकच आहे, आजारही एकच आहे. शोमरोनी बाईकडे याकोबाच्या विहिरीवर प्रभूने स्वतः पाणी मागितले, तेव्हा त्याने तिची जात विचारली नाही. आणि लहानातल्या एकाला कोणी गार पाण्याचा पेला दिला तर ते विसरले जाणार नाही, हे त्याने शिष्यांना सांगून ठेवले आहे. आपल्याला त्या पेल्यातले पाणी स्वच्छ आहे एवढी काळजी घ्यायची आहे.

पावसाला आता थोडेच दिवस उरले आहेत. सभा संपल्यावर दाराजवळच्या मेजावर वाड्यांची आणि घरांची यादी ठेवली आहे. घरटी किती माणसे, लहान मुले किती, पाणवठा किती लांब, हे तिच्यात लिहिले आहे. आपापल्या शक्तीप्रमाणे एखाद्या घरासमोर आपले नाव लिहा. देव आपल्या हातांच्या कामावर आशीर्वाद देवो आणि या पावसाळ्यात आपल्या वाड्यांवरची लेकरे राखो. आमेन.